वडील डायलिसिसवर आहेत, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) ४८० आलंय. रिपोर्टवर लाल खूण आहे. घाबरायचं का?

नुसत्या लाल खुणेवर जाऊ नका. छापलेली १५ ते ६५ ची मर्यादा किडनी धडधाकट असणाऱ्यांसाठी असते. डायलिसिसच्या पेशंटला केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरच्या मर्यादेच्या २ ते ९ पट, म्हणजे साधारण १३० ते ५८५ चालतं. किडनी फॉस्फरस पुरेसा बाहेर टाकत नाही, व्हिटॅमिन डी सक्रिय करत नाही. मग कॅल्शियम सांभाळायला गळ्यातल्या चार इवल्याशा ग्रंथी हेच हार्मोन जादा सोडत राहतात.

मागचे रिपोर्ट काढून बघा. आकडा चढतच चाललाय का? तसं असेल तर कॅल्शियम, फॉस्फरसच्या रिपोर्टसकट नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा. फॉस्फरस कमी करायची गोळी मात्र जेवतानाच द्या. तासाभराने दिली तर जवळपास वायाच (बऱ्याच घरांत हेच होतं). आणि औषधं वाढवून पीटीएच ६५ च्या आत आणायचा हट्ट नको, फार कमी झालं तरी हाडं बिघडतात.