एसी आहे, मग डिह्युमिडिफायर कशाला?

प्रश्न: पावसात एसी लावूनसुद्धा कपाटातल्या साड्यांना बुरशी येतेच, डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं मशीन) घ्यावा का? – एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर: ताई, एसी ओलावा काढतो पण कॉम्प्रेसर चालू असेपर्यंतच, आणि जुलैत आपल्याकडे बाहेरच गार असतं त्यामुळे खोली पटकन सेट टेंपरेचरला येते, कॉम्प्रेसर थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. आधी एसीचा ड्राय मोड (ओलावा काढण्याचा) लावून बघा. तरी हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) ६० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर डिह्युमिडिफायर घ्याच, चांगल्या साड्या अशा खराब होऊ देऊ नका हो. फक्त हे मशीन खोलीतच थोडी गरमी सोडतं, म्हणून मे महिन्यात दोन्ही एकदम लावले तर एसीवर लोड येतो, बिलही वाढतं. खिडक्या बंद ठेवा, कपाटाची दारं मात्र उघडी, आणि टाकी भरली की मशीन बंद पडतं तेव्हा पाणी आठवणीने ओता.