पगार बेताचा आहे, तर जुने, व्हिंटेज कपडे घालून मुंबईत ऑफिसला गेलं तर चालतं का? ते कुठे मिळतात?

लोअर परळला पहिली नोकरी लागलीय आणि ऑफिसातले हसतील का, असं तुम्ही विचारलंय. हसतील. एक-दोघं असतातच तसली. मला तर घरातलंच माणूस हसलं, तेही भर लग्नात.

पुतणीचं लग्न, दादरचा हॉल. मी सासूबाईंची इरकल नेसले होते. गडद हिरवी, पदर तांबड्या रेशमाचा. इरकलीत अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे वेगळे, एकमेकांत फासे अडकवून जोडलेले. पदर डोळ्यांजवळ धरला की तो सांधा दिसतो. निऱ्यांपाशी बोटभर चीर गेली होती, ती भेंडीबाजाराकडच्या एका रफूवाल्याने अशी भरलीय की मलाच शोधावी लागते.

थोरल्या जाऊबाई आल्या, पदर दोन बोटांत धरला आणि चार बायकांत म्हणाल्या, "अगं, घरचं कार्य आणि तू जुनेर नेसून आलीस? भिकेचे डोहाळे, दुसरं काय!" त्यांची स्वतःची साडी नवी करकरीत, प्लास्टिकच्या जरीची. दिवसभर खांद्याला टोचते म्हणून पदर सारखा वर-खाली चालला होता.

मला झोंबलं त्याला कारण आहे. सासूबाई गेल्यावर लालबागच्या खोलीतली त्यांची ट्रंक याच ताईंनी बोहारणीपुढे उपडी केली होती. बदल्यात आलं स्टीलचं पातेलं, झाकणासकट. त्या ढिगात खऱ्या जरीचा शालू होता. खरी जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. जुनी जर घेणारे ती जाळून चांदी काढतात, उगाच नाही दारोदार विचारत फिरत. बोहारणीला मी बोल लावत नाही, तिचा तो धंदा. इरकल वाचली ती फॉल लावायला माझ्याकडे आली होती म्हणून. तर त्या हॉलमध्ये मीही विचारलं, "ताई, पातेलं आहे ना अजून?" तेव्हापासून गणपतीत त्यांच्याकडून मोदक येतात, शब्द येत नाही.

असो. कुठे मिळतात ते सांगते. फॅशन स्ट्रीटला जाऊन व्हिंटेज शोधू नका, तिथे नवा माल आणि एक्स्पोर्टचा उरलेला. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला पितळी दिवे, ग्रामोफोन आणि सिनेमाची पोस्टरं बघायला जा, कपड्यांसाठी नको. आणि शुक्रवारी तर जाऊच नका, दुकानं बंद असतात. इन्स्टावर वापरलेले कपडे 'थ्रिफ्ट' म्हणून विकणाऱ्या पोरी पुष्कळ आहेत, त्यातल्या निम्म्या साध्या जुन्या टॉपला व्हिंटेज म्हणून तिप्पट भाव लावतात. आधी घरातली, मावशीची, मामीची कपाटं उघडा. सासरे गिरणीत होते. 1982 चा संप झाला आणि नोकरी गेली, पण त्यांच्या पँटी अजून आहेत. त्या काळचे शिंपी आत भरपूर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडायचे, त्यामुळे कमर सैल करून आज माझा मुलगा त्या कॉलेजला घालतो. तुमच्या लोअर परळच्या काचेच्या इमारतींच्या जागी गिरण्याच होत्या, तेव्हा तिथे जुनं सुती कापड घालून जायला लाज कसली?

घेताना लेबलवरच्या साइजवर जाऊ नका, टेप घेऊन जा. रेशीम उजेडासमोर धरा, घडीवर विरलेलं दिसलं तर ठेवून द्या, ते रफूनेही टिकत नाही. काखेतला पिवळा डाग सहसा धुऊन जात नाही, विकणारा काहीही सांगो. डांबरगोळीचा वास सावलीत वाऱ्यावर टांगलं की हळूहळू उतरतो. उन्हात घालू नका, रंग उडतो. बूट आणि आतले कपडे मात्र नवेच घ्या, तिथे पैसे वाचवू नयेत.

आणि हो, स्वस्त म्हणतात ते अर्धंच खरं आहे. रफू, ड्रायक्लीन, शिंपी धरून हिशोब केलात तर साधा शर्ट कधी कधी नव्याच्या भावात पडतो. साड्यांचं तसं नाही. पण ताईंना ते पटणार नाही.