वाचकांचे प्रश्न : सोफा उघडल्यावर खोलीत काय उरते?

प्रश्न : डोंबिवलीला आमची वन बीएचके सदनिका आहे. हॉल १० फूट रुंद आणि साडेबारा फूट लांब आहे. मुलगा यंदा दहावीला असून तो रोज हॉलमध्येच जमिनीवर गादी घालून झोपतो. त्याची उंची आताच ५ फूट ९ इंच आहे. सासूबाई साताऱ्याजवळच्या गावी राहतात, पण गुडघ्यांच्या उपचारांसाठी वर्षातले दोन-तीन महिने आमच्याकडे असतात आणि त्यांना जमिनीवरून उठता येत नाही. जुना सोफा काढून सोफा-कम-बेड घ्यायचे आम्ही ठरवले आहे. दुकानात ह्यांना पुढे ओढायचा, खाली सामानाची पेटी असलेला नमुना पसंत पडला; ओळखीचे सुतारकाका मात्र म्हणतात की सागवानी करून घ्या, जन्मभर बघायला नको. ३० हजारांपर्यंत खर्च करता येईल. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : ‘सोफा-कम-बेड’मधला ‘कम’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘सह’ असा आहे, पण बाजारातले बरेच नमुने पाहिल्यावर तो हिंदीतलाच ‘कम’ असावा असे वाटू लागते, कारण त्यांत सोफाही कमी असतो आणि पलंगही. म्हणून नमुना निवडण्याआधी त्यावर कोण झोपणार आणि वर्षातल्या किती रात्री झोपणार, हे ठरवावे लागते. चार-सहा महिन्यांतून एखादा पाहुणा मुक्कामाला राहणार असेल, तर बसायला चांगला सोफा घ्यावा आणि झोपण्याच्या बाबतीत थोडी तडजोड करावी. तुमची गोष्ट उलटी आहे. तुमच्याकडे एक माणूस रोज झोपणार आणि दुसरे सलग दोन-तीन महिने झोपणार. म्हणजे तुम्हाला सोफा घ्यायचा नसून, दिवसा ज्यावर चारचौघांना बसता येईल असा पलंग घ्यायचा आहे.

आता मापे पाहू. कराराच्या कागदावरचे चटई क्षेत्र या कामी उपयोगाचे नाही, कारण २०१६च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार त्यात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. टेप घेऊन प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत स्वतः मोजा, आणि खिडकीची चौकट, स्विचबोर्ड, स्कर्टिंग यांनी भिंतीशी किती इंच खाल्ले आहेत तेही टिपून ठेवा. मग घरातल्या रद्दीचे कागद जमिनीवर चिकटपट्टीने जोडून, पूर्ण उघडलेल्या पलंगाच्या आकाराची एक कागदी चादर तयार करा आणि ती जागेवर अंथरून एक अख्खी संध्याकाळ त्याच खोलीत काढा. स्वयंपाकघराचे दार पूर्ण उघडते का, कपाटाचा पल्ला कागदावर येतो का, रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या माणसाला किमान दोन फुटांची वाट उरते का, आणि मुख्य म्हणजे टीपॉय त्या वेळी कुठे जातो, हे सारे त्या कागदाभोवती वावरताना आपोआप कळते. दुकानातला विशाल मजला आणि पांढरेशुभ्र दिवे पाहून जो अंदाज बांधला जातो, तो घरी आल्यावर हमखास चुकतो.

दुसरे माप मुलाचे. झोपणाऱ्याच्या उंचीहून पलंग निदान सहा इंच लांब असावा, म्हणजे तुमच्या मुलासाठी आजच ६ फूट ३ इंच हवेत, आणि दहावीतला मुलगा अजून वाढणार. दुकानदार जी लांबी सांगतात ती बहुतेक वेळा हातांसकट, बाहेरून बाहेरची असते. साडेसहा फुटांचा सोफा असला आणि त्याचे दोन्ही हात सहा-सहा इंच रुंद असले, तर आत उरतात साडेपाच फूट. अशा सोफ्यावर जो लांबीच्या दिशेने आडवा होईल, त्याचे पाय रोज लाकडावर आपटतील. त्यामुळे आतले माप विचारावे, आणि शक्यतो हात नसलेला किंवा बारीक कठड्याचा नमुना पाहावा.

तिसरे माप सासूबाईंच्या गुडघ्यांचे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली कळीची गोष्ट तीच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसण्याची पातळी साधारण १७ ते १८ इंच हवी. गादी दबल्यानंतरची उंची मोजायची, दबण्याआधीची नव्हे. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि हाताचा आधार न घेता, निदान एका हाताच्या आधाराने, उठता आले पाहिजे. पण बऱ्याच नमुन्यांत बसायची पातळी चांगली असते आणि उघडल्यावर झोपायची पातळी खाली जाते. निव्वळ फोमचा, तीन घड्यांचा जो सोफा असतो तो तर उलगडला की जेमतेम आठ-दहा इंचांवर येतो. पहाटे चार वाजता त्यावरून उठणे म्हणजे जमिनीवरून उठण्यासारखेच आहे, फक्त खर्च तेवढा जास्त.

आता प्रकारांविषयी. पाठ पाडायचा जो नमुना असतो तो उघडायला सोपा खरा, पण पाठ आडवी होण्यासाठी तो आधी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा लागतो, आणि पाठ व बैठक यांमधली फट बरोबर पलंगाच्या मध्यावर येते. एकट्या माणसाला ती पाठीखाली जाणवत राहते. लोखंडी सांगाड्यात पातळ गादी घडी करून कोंबलेला नमुना तुम्ही घेऊच नका, त्यातली आडवी पट्टी नेमकी कमरेखाली येते. तुमच्या यजमानांना आवडलेला पुढे ओढायचा नमुना वाईट नाही. मात्र त्यात रोज रात्री टीपॉय सरकवणे, उशा उतरवणे, बैठक ओढणे, पाठीच्या गाद्या मधल्या जागेत बसवणे, चादर खोचणे, असा पाच हालचालींचा विधी करावा लागतो. रात्री बारापर्यंत अभ्यास करणारा मुलगा हे पहिले आठ दिवस हौसेने करील; नंतर तो बंद सोफ्यावरच अंग मुडपून झोपू लागेल, किंवा सोफा दिवसभर उघडाच राहील आणि आल्यागेल्याला पलंगाच्या काठावर बसवावे लागेल. मी पाहिलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांत या दोहोंपैकी एक झालेले आहे. पेटीच्या मोहाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या : जी जागा आत सरकणाऱ्या भागाला लागते तीच पेटीलाही हवी असते, त्यामुळे तुम्हाला वाटते त्याच्या निम्मेच सामान त्यात मावते.

या सर्वांचा विचार करता मी तुम्हाला दिवाण सुचवीन, पण साधा नव्हे, ट्रॉलीचा. साडेसहा फूट लांब आणि २ फूट ९ इंच रुंद असा दिवाण साडेबारा फुटी भिंतीला लावा. वरची गादी पाच इंची धरली, तर फळी १३ इंचांवर येऊन बैठक बरोबर १८ इंचांची होते. फळीखाली जे बारा इंच उरतात, त्यात चाकांवर पुढे येणारी दुसरी फळी आणि तिच्यावर चार इंची गादी सहज बसते. एरवी मुलगा वरच झोपेल, काहीही न उघडता. सासूबाई आल्या की त्या वर आणि नातू खाली. दिवसा भिंतीशी ११ इंच जाडीचे तीन लोड ठेवले की ३३ इंचांतले २२ इंच उरतात, आणि सोफ्यावर टेकून बसायला तेवढीच खोली लागते; लोडांशिवाय मात्र दिवाणावर बसणाऱ्याचे पाय अधांतरी लोंबतात आणि पाहुणा दहा मिनिटांत उठायचे निमित्त शोधू लागतो. ट्रॉली पूर्ण बाहेर आली तरी दोन्ही मिळून साडेपाच फूट होतात, म्हणजे दहा फुटांपैकी साडेचार फूट उरतात. त्यातून टीव्हीच्या कपाटाचे सव्वा फूट वजा केले तरी चालायला सव्वातीन फूट मिळतात. तरीही रद्दीच्या कागदाचा प्रयोग कराच.

सुतारकाकांचे म्हणणे अर्धे मान्य करावे. संपूर्ण सागवानी केले तर पैसे लाकडात जातील आणि गादीच्या वेळी हात आखडेल. शिवाय जड ट्रॉली रोज कोणी ओढत नाही. पाय आणि चौकट सागाची, फळ्या १८ मिलिमीटर प्लायच्या, असे करून घ्या. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी, नको, कारण रोजच्या ओढाताणीने त्यातले स्क्रू सैल होतात आणि एकदा भोक मोठे झाले की पुन्हा पकड येत नाही. ट्रॉलीची चाके रबरी असावीत. कडक प्लास्टिकच्या चाकांचे ओरखडे टाइल्सवर महिन्याभरात दिसू लागतात. लोखंडी सांगाडा घ्यायचा झाल्यास गेज विचारा आणि ध्यानात ठेवा की गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो : १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर.

वाचलेले पैसे फोमवर खर्च करा. दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे जे म्हणतात, ते एका घनमीटर फोमचे किलोंमधले वजन असते. त्यावरून फोम किती वर्षे आकार धरील याचा अंदाज येतो, तो मऊ आहे की कडक हे मात्र कळत नाही. ते अंगाखाली घेऊनच पाहावे लागते. रोजच्या झोपेसाठी ४० डेन्सिटी, किंवा खाली रंगीबेरंगी तुकड्यांचा दाबलेला कडक फोम आणि वर दीड-दोन इंच मऊ थर, असे करून घ्या. खोळीची चेन उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मुलाला कापसाच्या गादीचीच सवय असेल, तर वरच्या फळीवर तीही चालेल. गादीवाल्याकडून पिंजून नव्याने भरून घ्या. खालच्या ट्रॉलीवर मात्र फोमच बरा, कारण कापूस गोळे होऊन फुगला की ट्रॉली आत जाताना अडते.

प्रश्न : नोकरीनिमित्त पणजीजवळ भाड्याच्या एका खोलीत राहतो. जुना सोफा-कम-बेड स्वस्तात मिळतो आहे, वर रेक्झिन आहे. पावसाळ्यात बुरशीचा त्रास होतो असे ऐकले. घ्यावा का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : रेक्झिन असेल तर घेऊ नये, असेच मी सांगेन. दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात, आणि उकाड्यात त्यावर झोपलेला माणूस घामाने चिकटतो. काढून धुता येईल अशी कापडी खोळ असणे समुद्रकाठच्या हवेत फार सोयीचे असते. जुन्या वस्तूबाबत खरी भीती ढेकणांची आहे. घ्यायला जाताना विजेरी आणि एक जुने एटीएम कार्ड बरोबर न्या. गादीची शिवण, बिजागऱ्यांच्या मागची फट आणि स्क्रूची भोके यांतून कार्डाची कड फिरवा. मोहरीएवढे काळे ठिपके किंवा फिकट साली दिसल्या की कितीही स्वस्त असला तरी परत फिरा. ‘दोन दिवस उन्हात टाका, जातील’ असे विक्रेता सांगेल, पण जाड फोममध्ये ऊन आतपर्यंत पोचत नाही.

नवीन घेतलात तर प्लायवर आयएस ७१० चा शिक्का आहे का ते पाहा. ते पाण्याला अधिक टिकणारे प्लाय असते. खालची पेटी असल्यास तिच्या तळाला आणि मागच्या फळीला सुताराकडून चार-सहा भोके पाडून घ्यावीत आणि सोफा भिंतीपासून तीन इंच दूर ठेवावा, म्हणजे हवा खेळती राहते. जूनच्या आधी पेटीतले पांघरूण कडक उन्हात वाळवून मगच बंद करा. ओलसर गोधडी आत ठेवली तर गणपतीपर्यंत ती काळी पडलेली असते.

प्रश्न : गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना लाकडी आणि अरुंद आहे. सोफा-कम-बेड वर चढेल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : तीन मापे घ्या : जिन्याची रुंदी, वळणावरच्या चौकाची लांबी-रुंदी, आणि वळणावर डोक्यावरच्या तुळईपर्यंतची उंची. मग दुकानदाराला विचारा की पाठ आणि बैठक वेगळी होते का, आणि सर्वांत मोठा अखंड तुकडा केवढा आहे. नट-बोल्ट खोलून सुटणारा नमुनाच घ्या, आणि तो वर येऊन जोडून देण्याचे बिलावर लिहून घ्या. मी स्वतः चाळीत वाढलो. आमच्याकडे पहिल्यांदा सोफा आणला तेव्हा दुकानदाराने ‘आरामात जाईल’ म्हणून सांगितले होते; दुसऱ्या वळणावर तो असा अडकला की वरचे लोक वर आणि खालचे खाली, अशी तासभर कोंडी झाली. शेवटी तो खाली उतरवून, दोरखंड बांधून, गॅलरीच्या कठड्यावरून आठ जणांनी वर खेचला, आणि त्या खटाटोपात त्याचा डावा हात निखळला. पुढे जितकी वर्षे तो घरात होता, तितकी वर्षे डावी बाजू भिंतीकडे करूनच ठेवलेली असे.