दोन जुनी गाणी, तिसरं तुझं

पत्र थोडक्यात असं: "मी कोल्हापूरची, एस.वाय.बी.कॉम.ला आहे. नववीपासून गाणी लिहिते, चालही मीच लावते आणि गिटारवर गाते. वहीत तीसेक गाणी आहेत. गॅदरिंगला त्यातली दोन गायले, सगळ्यांना आवडली. आता इथल्या एका ऑर्केस्ट्राने गायिका म्हणून बोलावलंय, पण तिथं लोकांच्या फर्माइशीची जुनीच गाणी गावी लागणार. एक यूट्यूब चॅनेलवाले माझं गाणं व्हिडिओसाठी मागतायत. पैसे एकरकमी देणार आणि 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशा कागदावर सही मागतात. मला वाटतं कॉलेज सोडून सरळ मुंबई गाठावी. पप्पांचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे. ते म्हणतात, 'गाणी लिहून कुणाचं घर चाललंय?' मी काय करू? आणि नवी गिटार घेऊ का?" सोबत एका गाण्याचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आहे. नाव छापू नका म्हणालीस, छापत नाही.

आधी ऑर्केस्ट्राचं बोलू, कारण तिथंच तू नाक मुरडलंयस. जा. या दोन वर्षांत तुला त्याच्याइतकी चांगली शाळा दुसरी मिळणार नाही. गॅदरिंगला टाळ्या देणारे तुझ्या वर्गातले असतात. गावच्या जत्रेत समोर बसलेल्या माणसाला तुझं नाव माहीत नसतं, त्याचं लक्ष भेळेकडे असतं आणि शेजारी कुणाचं तरी पोर रडत असतं. त्या माणसाने मान वर करून बघावं असं गाण्यात काय लागतं, हे खोलीत बसून कळत नाही.

मात्र ऑर्केस्ट्राच्या मालकांकडे पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागून घे: प्रत्येक कार्यक्रमात माझं स्वतःचं एक गाणं. आणि ते तिसऱ्या नंबरला. पहिली दोन लोकांच्या ओठांवरची गा, म्हणजे आवाजावर भरवसा बसतो. मग 'आता मी लिहिलेलं' वगैरे प्रस्तावना न करता तिसरं सुरू कर. शेवटी ठेवू नकोस. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा हा नियम आहे. वर्षातले मोजके दिवस, फार तर पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देतं. आपल्याकडे सत्कार आणि भाषणांत तासभर सहज जातो, आणि मग दहा वाजता जे गाणं कापलं जातं ते हमखास नव्या पोरीचं असतं.

कार्यक्रम झाला की घरी येऊन लिहून ठेव: कुठल्या ओळीला लोक मोबाइलकडे वळले, कुठल्या ओळीला वाजवणारे एकमेकांकडे बघून हसले. आठ-दहा ठिकाणी असं गाऊन झालं की त्या गाण्यातलं एखादं कडवं आपोआप गळून पडेल. वाईट वाटून घेऊ नकोस, बहुतेक वेळा दुसरंच कडवं असतं ते. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, म्हणजे कुठल्या सुरापासून गायचं ते, लिही. पेटीवाल्याने ऐन वेळी 'कुठून?' विचारलं तर 'जमेल तिथून' हे उत्तर गायिकेला शोभत नाही. साउंड चेकला लवकर पोहोच, आणि मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर साउंडवाल्या दादांना स्पष्ट सांग. भिडेखातर गप्प बसलीस तर सूर वर-खाली होतो आणि ऐकणारे दोष गळ्याला देतात.

आता तुझं गाणं. आवाजापेक्षा मला शब्द आवडले. ध्रुवपदातली पहिली ओळ अशी आहे:

घाटावरती पाणी चढले, तुझे न आले उत्तर

पंचगंगेच्या पुराचं गाणं आणि त्यात न आलेला निरोप, ही कल्पना चांगली आहे. मात्राही बरोबर बसल्यात: आठ, आठ, आठ आणि चार. केरवा तालाच्या आठ मात्रांत ओळ आरामात चालते. पण तुझी चाल शेवटच्या शब्दावर वर जाते आणि तिथं थांबते, आणि तो शब्द आहे 'उत्तर'. जोडाक्षरावर जीभ अडखळते, पुढचा 'अ' ऱ्हस्व, आणि शेवटी 'र'ला तोंड बंद. म्हणजे जिथं गळा मोकळा सुटायला हवा, तिथंच तू त्याला दार लावलंस. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी तू 'उत्तऽऽर' असं ओढलंयस आणि आवाज चिरकलाय. तुला वाटलं असेल रियाज कमी पडला. दोष शब्दाचा आहे. हे म्हणून बघ:

घाटावरती पाणी चढले, निरोप नाही आला

मात्रा तेवढ्याच. शेवटी मोकळा 'आ' आहे, तो हवा तेवढा लांबव. 'तुझे' हा शब्द गेला, पण कुणाचा निरोप ते ऐकणारा स्वतः भरून घेतो. वहीतल्या सगळ्या गाण्यांवर हीच नजर फिरव: चाल जिथं थांबते तिथं दीर्घ स्वर आहे का? आपल्या ओव्या आणि लावण्या अर्थासाठी वाचल्या असशील, आता एकदा फक्त यासाठी मोठ्याने म्हण. चाल आधी झाली असेल तर तिच्यावर आधी काहीही डमी शब्द गुणगुणून बघ. तोंडात आपसूक जे स्वर येतील, खरे शब्द त्याच स्वरांचे शोध.

त्या कागदावर सही करू नकोस. इथं जरा सविस्तर सांगते, कारण पुढे तुझं पोट यावर अवलंबून असणार. गाणं लिहून झालं, त्याक्षणी त्याचा कॉपीराइट तुझा झाला. नोंदणी सक्तीची नाही, पुराव्याला मदत होते एवढंच. शब्द तुझे आणि चालही तुझी, म्हणजे दोन हक्क आहेत, आणि ते तुझ्या हयातभर व नंतर साठ वर्षं टिकतात. हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. कॉपीराइट कायदा आहे १९५७चा, पण गीतकारांसाठी महत्त्वाची दुरुस्ती झाली २०१२ साली. चित्रपटात किंवा रेकॉर्डिंगमध्ये गाणं गेलं, तरी त्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला सोडून देता येत नाही, कुणी सही घेतली तरी. अपवाद आहे तो थिएटरमध्ये सिनेमाबरोबर गाणं वाजतं तेवढ्यापुरता. तेव्हा त्या कागदावर 'रॉयल्टीही माफ' असं काही असेल तर ते कायद्यापुढे टिकणारं नाही. पण मालकी मात्र जाईल. उद्या तेच गाणं दुसऱ्या अल्बमला द्यायचं म्हटलं, तर तुलाच त्यांच्या दारात उभं राहावं लागेल.

म्हणून त्यांना उलट कागद दे: हे गाणं, हा एक व्हिडिओ, इतकी वर्षं, नाव अमुक ठिकाणी दिसेल, शब्द-संगीत माझंच राहील. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरतो, पण लिहिलेलीच बरी. ऐकलं तर उत्तम, नाही ऐकलं तर गाणं कुठं पळून जात नाही. पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची, म्हणजे आयपीआरएसची, सभासद हो. १९६९ पासूनची संस्था आहे. गाणी कार्यक्रमांत, टीव्हीवर, ऑनलाइन वाजली की परवान्याचे पैसे ती गोळा करते आणि गीतकार-संगीतकारांना वाटते. सुरुवातीला जे येईल त्यात चहासुद्धा होणार नाही. तरी नोंद पहिल्या गाण्यापासून हवी.

पप्पांचा प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. नुसती गाणी लिहून घर चालवणारे मराठीत फार थोडे. जगदीश खेबुडकर आपल्याच जिल्ह्यातल्या हळदीचे, आणि मराठी सिनेमाला एवढी गाणी देणारा हा माणूस पेशाने शिक्षक होता. पप्पांना हे सांग, आणि बी.कॉम. पूर्ण कर. उरलीच आहेत दीड-दोन वर्षं. शिवाय मानधनाची बिलं, करार, टीडीएस म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा कर, हे ज्या कलाकाराला कळतं तो सहसा फसत नाही, आणि ते तुला पप्पांच्या दुकानात बसून शिकता येईल. कार्यक्रमाचं पाकीट, दोन-चार मुलांची गिटारची शिकवणी, कधी एखाद्या दुकानाच्या जाहिरातीची जिंगल, कधी मंडळाचं गाणं, असा जोडून पैसा उभा राहतो. मंडळवाले शाल-नारळावर भागवायला बघतील. शाल घे, पण गाडीभाडं आणि अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय गिटार पिशवीत भरू नकोस.

गळ्यासाठी नियमित गुरू हवा. देवल क्लबसारखी संगीताची जुनी संस्था गावात आहे, पदवीनंतर शिकायचं तर शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा दिल्यास तर शिकवण्या मिळायला उपयोग होतो. गाणं लिहायला त्यांचा फारसा उपयोग नाही, हे माझं मत. इतर मार्गदर्शक वेगळं सांगतील.

मुंबईचं आत्ता नको. मालिकांची शीर्षकगीतं, सिनेमा, जाहिराती हे काम तिकडेच होतं, त्यात वाद नाही. पण तिथं 'मी लिहिते' म्हणून गेलीस तर रांगेत उभी राहशील. स्टेजवर घासून निघालेली दहा गाणी, त्यांची साधीच पण स्वच्छ रेकॉर्डिंग्ज आणि दोन वर्षांत झालेल्या वादकांच्या ओळखी घेऊन गेलीस, तर निदान कुणाला फोन करायचा ते माहीत असेल. कोल्हापूरचे वादक मुंबई-पुण्याला सतत जात-येत असतात. तुझं नाव तुझ्याआधी तेच तिथं नेतील. दरम्यान सुट्टीत आठवडाभर जाऊन बघून ये, पप्पांना सांगून.

गिटार नवी नको. आहे तिलाच चांगला पिकअप, म्हणजे तिचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारं यंत्र, बसवून घे, एक दणकट केबल आणि तारांचा जादा सेट जवळ ठेव. आणि चॅनेलवाल्यांचा तो कागद मला पाठव. त्यांना उत्तर द्यायच्या आधी.