फ्री करताना हीप करप्ट झालेला दिसला, तर अ‍ॅलोकेटरने लॉग टाकून पुढे जावं का?

तुम्ही स्वतः लिहिताय त्या अ‍ॅलोकेटरमध्ये (म्हणजे प्रोग्रामला हीपमधून, चालताना मागायच्या मेमरीतून, ब्लॉक देणाऱ्या आणि फ्री केल्यावर परत घेणाऱ्या कोडमध्ये) बिघडलेला हेडर, म्हणजे ब्लॉकच्या आधीची साइझ वगैरेची नोंद, दिसला तर तेवढा ब्लॉक लीक होऊ द्यायचा (परत न घेता सोडून द्यायचा) आणि सर्व्हर चालू ठेवायचा, असा तुमचा विचार दिसतो. माझं स्पष्ट मत आहे, नको. प्रोसेस तिथल्या तिथे मारा.

बिघाड सापडतो तेव्हा तो होऊन बराच काळ लोटलेला असतो. ६४ बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीच्या अ‍ॅलोकेटरकडे २४ बाइट मागितले आणि त्यात २४ अक्षरांची स्ट्रिंग कॉपी केली, की स्ट्रिंग संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य २५ व्या बाइटवर पडतं. तो बाइट असतो शेजारच्या ब्लॉकच्या साइझचा. तिथे ०x२१ असेल तर त्याचं ०x०० होतं. प्रोग्राम मात्र मजेत चालू राहतो. पुढे कधीतरी दुसऱ्याच फंक्शनने तो शेजारी फ्री केला, की ‘फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर’सारखा एरर येतो. म्हणजे हातात सापडतो तो ब्लॉक गुन्हेगार नसतोच. आणखी काय काय पुसलं गेलंय हे अ‍ॅलोकेटरला कळायला मार्ग नाही. अशा अवस्थेत सर्व्हर चालू ठेवला तर चुकीचा डेटा डिस्कवर जाईल, किंवा हल्लेखोराला आणखी एक संधी मिळेल.

आता मारायचं कसं? इथेच लोक घसरतात. जीलिबसी पूर्वी मरताना बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) आणि मेमरी मॅप (मेमरीत कुठे काय आहे त्याची यादी) छापायची. पुढे ते काढून टाकलं, आणि ते योग्यच झालं. बिघडलेल्या प्रोसेसमध्ये जितका जास्त कोड चालवाल तितका धोका वाढतो. शिवाय बॅकट्रेसने आतून मॅलॉक (म्हणजे नवी मेमरी) मागितला आणि अ‍ॅलोकेटरचं लॉक तुमच्याच हातात असलं, तर प्रोसेस मरतही नाही, नुसती लटकते. म्हणून प्रिंटएफ टाळा. आधीच ठरलेला एक मजकूर थेट राइट सिस्टिम कॉलने (म्हणजे सरळ कर्नलला सांगून) एसटीडीएररवर, एरर छापायच्या आउटपुटवर, टाका आणि अ‍ॅबॉर्ट करा. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीचा अ‍ॅलोकेटर तर तेही न करता सरळ क्रॅश होतो. बाकीचा तपास कोअर डंपवर (मरताना प्रोसेसच्या मेमरीची जी फाइल बनते तिच्यावर), बाहेरून, निवांत करता येतो. फक्त प्रॉडक्शनमध्ये कोअर डंप चालू आहेत ना, ते आधी बघून घ्या.

‘पण युजरचं न साठवलेलं काम जाईल’ हा आक्षेप मला खरंच महत्त्वाचा वाटतो. पण त्याचं उत्तर अ‍ॅलोकेटरमध्ये नाही. प्रोसेस धडधाकट असतानाच ठरावीक वेळाने ऑटोसेव्ह करा, आणि मेल्यावर तिला पुन्हा उठवणारा सुपरव्हायझर वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा.