एच. पायलोरीचा कोर्स संपला, पण रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. पुन्हा गोळ्या घ्यायच्या का?

कळव्याहून तुम्ही विचारलंय की एच. पायलोरी या पोटातल्या जंतूवरचा 14 दिवसांचा कोर्स झाला, पोटदुखी थांबली, तरी आठवड्याभराने केलेली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. त्या रिपोर्टवरून पुन्हा अँटिबायोटिक सुरू करू नका. मी नौपाड्यात मेडिकल चालवतो आणि असे रिपोर्ट घेऊन घाबरलेली माणसं नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

रक्तात दिसतात त्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. जंतू मेला तरी त्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. कोर्स लागू पडला का, हे त्यावरून ठरत नाही. दुखणं थांबलं यावरूनही नाही, कारण ॲसिडिटीची गोळी जंतू आत असतानाही आराम देते.

खरी तपासणी दोनपैकी एक: श्वासाची युरिया ब्रेथ टेस्ट, किंवा शौचाची स्टूल अँटिजेन टेस्ट, जी शौचात जंतूचे अंश शोधते. ब्रेथ टेस्टमध्ये युरिया पोटात घ्यायला देतात. जंतू जिवंत असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासात सापडतो. ही सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते, आधी फोन करा. काही तास उपाशी राहावं लागतं, सकाळचा चहासुद्धा नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी कार्बन-14 (किरणोत्सर्गी कार्बन) वाली टेस्ट नको.

कोर्स संपल्यावर किमान 4 आठवडे थांबा. आधी केली तर अर्धमेले जंतू टेस्टला सापडत नाहीत आणि खोटा दिलासा मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेकांना कुणी नीट सांगत नाही. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल यांपैकी जी ॲसिडिटीची गोळी उपाशीपोटी घेता, ती टेस्टच्या आधी 2 आठवडे बंद हवी. आपल्याकडे ही गोळी चहासारखी रोजची झालीय, ती औषध आहे हेच लोक विसरतात. लॅबवाल्याने ‘काही औषध चालू आहे का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. ही गोळी जंतूंना दडपते, मारत नाही, त्यामुळे ती चालू असताना आलेल्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस जळजळ उसळते. तेव्हा साधं अँटासिड जेल चालतं, फक्त टेस्टच्या दिवशी नको. मात्र अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल किंवा ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही ॲसिडिटीची गोळी थांबवू नका. बिस्मथ (पोटाचं एक औषध) आणि कुठलंही अँटिबायोटिक, अगदी दाताच्या दुखण्यासाठी घेतलेलंसुद्धा, 4 आठवडे आधीपासून नको.

एवढं पाळूनही टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तोच कोर्स पुन्हा घेण्यात अर्थ नसतो. विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक एकदा फसलं की दुसऱ्यांदा सहसा देत नाहीत. म्हणून पहिली चिठ्ठी जपून ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञांना तीच आधी दाखवा.