टेक्सासमधील घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत भारतातून कशी मागवावी?

पहिली गल्लत कार्यालयाची होते. विवाहाचा परवाना काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) क्लर्ककडे मिळतो, म्हणून लोक घटस्फोटाची कागदपत्रेही तेथेच मागतात. प्रत्यक्षात ती, ज्या काउंटीत निकाल लागला, तेथील डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे (न्यायालयाच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी) असतात. काउंटी आठवत नसल्यास, दाव्याच्या वेळी पती-पत्नींपैकी एकजण जेथे किमान 90 दिवस राहत होता, ती काउंटी आधी पाहावी, कारण दावा दाखल करण्याची अटच तशी आहे.

राज्याच्या आरोग्य विभागाकडे 1968 पासूनच्या घटस्फोटांची सूची आहे; मात्र तेथून नुसते पडताळणीपत्र मिळते, जे हुकूमनाम्याच्या जागी चालत नाही, आणि पुनर्विवाहासाठी तर अजिबात नाही.

अर्जात दोघांची त्या वेळची पूर्ण नावे (माहेरचे, सासरचे आडनाव दोन्ही), अंदाजे वर्ष आणि असल्यास दाव्याचा क्रमांक लिहावा. ‘प्रमाणित प्रत’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. क्लर्कचा शिक्का व सही नसलेली साधी छायाप्रत भारतात वापरण्यासाठी उपयोगाची नाही. शिक्क्याची मूळ प्रत हाती आल्यावर तीवर टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे अधिकृत प्रमाणीकरण) करून घ्यावे.